चढ वाचायचा कसा? बास्क डोंगरांतल्या खडीच्या वाटांचा इतिहास

(नेहमीप्रमाणे हे ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



मागच्या महिन्यात पुण्याच्या एका श्रोत्याचा मेल आला. चौघे मित्र सप्टेंबरमध्ये बास्क प्रदेशात ग्रॅव्हल सायकलिंगला चाललेत. मी तिकडे जाऊन आले आहे, हे मी कुठल्याशा भागात बोलून गेले होते, ते त्यांच्या लक्षात राहिलं. त्यांचा प्रश्न साधा होता : "ताई, गाड्या नसतील आणि चढ फार नसतील असा एखादा रूट सांगा."

आता मी काही रूट सांगणारी बाई नाही. ते काम अ‍ॅप करतात. पण "चढ फार नसतील" या शब्दांपाशी मी अडकले. कारण त्या डोंगरांत फिरताना माझ्या हळूहळू लक्षात आलं होतं की तिथे चढ हा इतिहासाचा कागद आहे. तो वाचता येतो. वाट किती टक्क्यांनी चढते, वळण किती मोठं घेते, कुठे संपते, यावरून ती कुणी आणि कशासाठी बांधली ते बऱ्याचदा सांगता येतं. म्हणून आजचा भाग या वाटांवर.

आधी दोन गोष्टी. ग्रॅव्हल सायकल म्हणजे रेसच्या सायकलसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, साधारण ४० मिलिमीटरच्या आसपास. डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि खडीच्या, मुरुमाच्या रस्त्यावरही चालते. आणि बास्क प्रदेश म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वत अटलांटिककडे उतरतो तो कोपरा. पारंपरिक हिशेबाने सात प्रांत, चार स्पेनमध्ये आणि तीन फ्रान्समध्ये. भाषा एउस्कारा, जिचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. गावांना दोन-दोन नावं असतात, सान सेबास्तियान म्हणजे दोनोस्तिया, पाम्प्लोना म्हणजे इरुन्या. मी दोन्ही वापरेन, सांभाळून घ्या.

सुरुवात सोप्या चढापासून करू, म्हणजे मेल लिहिणाऱ्यांना निदान पहिल्या पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

सान सेबास्तियानजवळ आन्दोआइन नावाचं गाव आहे. तिथून लेइत्सारान नदीच्या खोऱ्यात एक वाट शिरते. दोन्ही बाजूंना जंगल, खाली नदी, आणि बोगद्यामागून बोगदे. आम्ही, म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ, भाड्याच्या सायकली घेऊन निघालो. तासभर झाला तरी दम लागेना. दादा म्हणाला, "अगं, आपण चढतोय की उतरतोय?" चढत होतो. पण चढ इतका मंद आणि इतका एकसारखा, की कळत नव्हतं.

असा चढ माणूस चालण्यासाठी बांधत नाही. बैलगाडीसाठीही नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून साध्या रेल्वेला शंभर मीटरमागे दोन-अडीच मीटरपेक्षा फारसं चढता येत नाही. वळणही मोठं घ्यावं लागतं. डोंगर आडवा आला तर वळसा घाला, नाही तर बोगदा खणा. तेव्हा डोंगराळ भागात तासभर दम लागला नाही, तर तुम्ही जुन्या रेल्वेवर आहात असं खुशाल समजा.

ही प्लासाओला रेल्वे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लोहखनिज वाहून आणण्यासाठी सुरू झाली. प्लासाओला हे खाणीचं नाव. १९१४ मध्ये ती पाम्प्लोना ते सान सेबास्तियान अशी प्रवासी रेल्वे झाली. या मार्गावर उइत्सीचा बोगदा आहे, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब. खाण बंद पडत गेली, रेल्वे तोट्यात गेली, १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये पुराने रूळ वाहून नेले, आणि मग कुणी ते पुन्हा टाकले नाहीत. पुढे रूळ, स्लीपर सगळं निघालं. उरली ती खडी. हीच कथा थोड्याफार फरकाने वास्को-नावारो रेल्वेची. गास्तेइसहून म्हणजे व्हितोरियाहून एस्तेयाला जाणारी ही विजेची छोटी गाडी १९६७ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. तिच्याही मार्गावर आज सायकली चालतात. स्पेनमध्ये अशा वाटांना 'हिरव्या वाटा' म्हणतात.

लेइत्सारानचं खोरं इतकं शांत का राहिलं, याला मात्र दुसरंही कारण आहे आणि ते गोड नाही. १९८० च्या दशकात पाम्प्लोना ते सान सेबास्तियान असा मोठा महामार्ग या खोऱ्याच्या बाजूने न्यायचं ठरलं. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, मोर्चे निघाले. मग त्यात एटा ही सशस्त्र संघटना उतरली. यंत्रं जाळली, बाँब फोडले, माणसं मारली. शेवटी १९९२ मध्ये गिपुस्कोआ प्रांताचं प्रशासन आणि विरोधकांचा समन्वय गट यांच्यात तडजोड होऊन मार्ग थोडा बदलला, आणि १९९५ मध्ये महामार्ग खुला झाला. त्या तडजोडीवर अजून वाद होतो. शांततेने आंदोलन करणारे म्हणतात यश आमचं होतं, एटाने ते डागाळलं. दुसरे म्हणतात सरकार बाँबपुढे वाकलं. त्या जंगलात सायकल चालवताना यातलं काहीही दिसत नाही. फक्त पाण्याचा आवाज येतो.

आता दम काढणारी वाट घेऊ.

गिपुस्कोआ आणि आराबा प्रांतांच्या मधे आइस्कोरीचे डोंगर आहेत. तिथे साधारण हजार मीटर उंचीवर डोंगराला आरपार नैसर्गिक भोक आहे. सान आद्रियानचा बोगदा. गुहाच ती, पण दोन्ही बाजूंनी उघडी. मध्ययुगात कास्तील आणि फ्रान्स यांच्यामधली मोठी वाहतूक या भोकातून होत असे. लोकर, मासे, लोखंड, यात्रेकरू, राजदूत. आत आजही एक छोटं देऊळ आहे, आणि पूर्वी इथे तटबंदी, जकात, सराय असं सगळं होतं. नाणेघाट चढून वर खिंडीत पोचल्यावर जे वाटतं ना, तेच इथे वाटतं. डोंगराला एवढंसं दार, आणि त्या दारावर पैसे घ्यायला कुणीतरी बसलेलं.

एक दंतकथा हमखास सांगतात : सम्राट पाचवा चार्ल्स कुणापुढे झुकला नाही, पण या कमानीतून जाताना त्याला मान वाकवावी लागली. कमान पाहिल्यावर माझा तरी यावर विश्वास बसला.

बोगद्याच्या दोन्ही बाजूंना फरसबंदी वाट आहे. पाट्यांवर आणि ब्लॉगांवर तिला सर्रास 'रोमन रस्ता' म्हणतात. जुनं काही दिसलं की रोमन म्हणायची युरोपातली सवय, जशी आपल्याकडे जुनं काही दिसलं की पांडवांनी बांधलं म्हणायची. दोनोस्तियाच्या आरान्सादी संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं आहे आणि त्यातून समोर आलेलं चित्र मुख्यतः मध्ययुगातलं आहे. ते चढ वाचूनही पटतं. ही वाट सरळ अंगावर येते. खेचराला आणि पायी माणसाला तीव्र चढ चालतो, त्याला लांबचा वळसा नको असतो. दगड मोठे, गुळगुळीत, पावसात साबणासारखे. सायकल खांद्यावर घ्यावी लागते, हे मी मेल लिहिणाऱ्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोडागाड्यांसाठी दुसऱ्या खिंडीतून चांगला रस्ता झाला आणि सान आद्रियानचं महत्त्व उतरलं. १८६४ मध्ये माद्रिदहून फ्रान्सच्या सीमेपर्यंत रेल्वे पूर्ण झाली. मग इथे उरले मेंढपाळ आणि यात्रेकरू.

पण खरं सांगायचं तर ग्रॅव्हलवाले ज्या वाटांवर सगळ्यात जास्त फिरतात त्या ना रेल्वेच्या, ना मध्ययुगाच्या. त्या जंगलातल्या 'पिस्ता'. रुंद, खडी टाकलेल्या, मधेच अचानक पंधरा टक्के चढणाऱ्या आणि बऱ्याचदा कुठेही न पोचणाऱ्या. वाट रुंद आहे, चढ बेफाम आहे आणि शेवटी नुसतंच मोकळं मैदान आहे, तर ओळखा की ती लाकडाच्या ट्रकसाठी केली आहे. लाकूड जिथे तोडलं तिथे वाट संपली.

यामागे पाचशे वर्षांची गोष्ट आहे. थोडं थांबते इथे.

बास्क डोंगरांत लोखंड होतं, पाणी होतं आणि लाकूड होतं. सोळाव्या शतकात बिस्काइ आणि गिपुस्कोआत नदीकाठी शेकड्यांनी लोहारभट्ट्या होत्या. पाण्याच्या चाकावर भाता चाले आणि त्याच चाकावर घण पडे. लेगास्पी गावात मिरांदाओला नावाची अशी भट्टी अजून चालवून दाखवतात. घण पडताना पायाखालची जमीन हादरते. या भट्ट्यांना लागायचा लाकडी कोळसा, आणि तो भयंकर लागायचा. कोळसा पाडणारी माणसं महिनोन् महिने जंगलात राहायची. लाकडं रचून, वरून पाला आणि माती लिंपून, आत धुमसत ठेवायची. या ढिगाला बास्कमध्ये 'चोन्दोर' म्हणतात. जंगलातून जाताना उतारावर मधेच एखादी गोल सपाट जागा दिसली आणि तिथली माती टाचेने उकरल्यावर काळी निघाली, तर ती चोन्दोरची जागा. मी एके ठिकाणी उकरून बघितली. बोटं काळी झाली.

सगळं जंगल तोडून टाकलं असतं तर पुढच्या वर्षी भट्टी बंद. म्हणून झाड मुळापासून तोडत नसत. बीच आणि ओक यांचं डोकं माणसाच्या उंचीच्या वर छाटायचं, फांद्या कोळशाला न्यायच्या, खोड ठेवायचं. कोकणात राबासाठी झाडं झोडतात, त्यातलाच प्रकार. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा फांद्या. अशी शेकडो वर्षं छाटलेली झाडं अजून उभी आहेत, बुंधा राक्षसासारखा जाड आणि वर मेणबत्त्यांच्या झुंबरासारख्या फांद्या. काही झाडांवर तर एक फांदी उभी आणि एक आडवी अशा मुद्दाम वाढवलेल्या असत. कोनात वाढलेलं लाकूड जहाजाच्या बांध्याला लागायचं. म्हणजे झाड उभं असतानाच त्याचं जहाज करायला सुरुवात व्हायची.

पुढे दगडी कोळशाच्या मोठ्या भट्ट्या आल्या आणि या सगळ्याचं काम संपलं. विसाव्या शतकात उघड्या पडलेल्या डोंगरांवर लावलं गेलं ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं पाइन. झपाट्याने वाढणारं, तीस-पस्तीस वर्षांत कापणीला येणारं. कागदाला आणि फळ्यांना चांगलं. आजच्या बहुतेक पिस्ता या पाइनसाठी बुलडोझर लावून कोरलेल्या आहेत. फोटोत जे हिरवंगार 'बास्क जंगल' दिसतं त्यातला मोठा भाग ही शेतीच आहे. २०१८ मध्ये या पाइनवर बुरशीचा रोग आला, सुया तपकिरी पडून डोंगरच्या डोंगर गंजल्यासारखे दिसायला लागले. मग घाईने तोड झाली. काही ठिकाणी जागेवर नीलगिरी आली, आणि त्यावरून तिकडे आपल्यासारखीच भांडणं आहेत.

लोखंडावरून सायकलवर यायला फार लांब जावं लागत नाही, फक्त एइबारपर्यंत. अरुंद दरीत कोंबलेलं हे कारखान्यांचं गाव पिढ्यान् पिढ्या बंदुका करत आलं. ओर्बेआ ही कंपनी १८४० मध्ये बंदुकीसाठीच सुरू झाली. बेइस्तेगी बंधू, म्हणजे आज ज्यांना बीएच म्हणतात ते, १९०९ मध्ये, तेही बंदुकवाले. पहिल्या महायुद्धात धंदा जोरात होता, युद्ध संपल्यावर मागणी कोसळली. हाताशी काय होतं? पोलादी नळी अचूक करण्याचं आणि जोडण्याचं कसब. सायकलची फ्रेम म्हणजे तरी काय, नळ्याच. १९२० च्या दशकात बीएच आणि १९३० च्या सुमारास ओर्बेआ सायकलींकडे वळली. १९३५ मध्ये स्पेनची मोठी शर्यत, व्हुएल्ता, पहिल्यांदा झाली आणि जिंकणारा बेल्जियन खेळाडू गुस्ताफ देलोर बीएचच्या सायकलवर होता. पुढे १९६९ मध्ये ओर्बेआ कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन्ही सायकली ओर्बेआच्या होत्या. दुकानदाराला मी बंदुकांचं विचारलं, तर तो हसून म्हणाला, माझे आजोबा त्यात होते.

बरं, आता सीमेकडे.

बिदासोआ ही छोटीशी नदी शेवटचे काही किलोमीटर स्पेन आणि फ्रान्सची सीमा आहे. तिच्या काठाने जाणारी वाटही जुन्या रेल्वेचीच. इरुन ते एलिसोन्दो, १९५६ मध्ये बंद झालेली. वाट सपाट आहे, सुंदर आहे, मेलवाल्यांनी नक्की करावी. पण तिला काटकोनात छेदणाऱ्या ज्या पायवाटा आहेत त्यांच्याकडे जरा बघा. त्यांना चढाचं कसलंही गणित नाही. नदीतून वर येतात आणि सरळ डोंगरात घुसतात. जिथे सोपं आहे तिथे त्या जात नाहीत, कारण जिथे सोपं तिथे पहारा.

१८४१ पर्यंत स्पेनची जकात सीमेवर घेतच नसत, ती आत, एब्रो नदीपाशी घेत. बास्क प्रांतांचे स्वतःचे जुने कायदे आणि हक्क होते, त्यातला हा एक. त्या वर्षी जकातनाकी फ्रान्सच्या सीमेवर आणली आणि शेजारच्या खोऱ्यातल्या मामाकडून वस्तू आणणं हा गुन्हा झाला. बास्कमध्ये तस्करीला 'गाउलान' म्हणतात. गाउ म्हणजे रात्र, लान म्हणजे काम. रात्रपाळी! कॉफी, तांबं, लेस, घोडे, नायलॉन, १९६० च्या दशकात तर फ्रान्समध्ये कामाला जाणारी पोर्तुगीज माणसंसुद्धा या वाटांनी पार झाली.

दुसऱ्या महायुद्धात याच वाटांवरून वैमानिक गेले. १९४१ मध्ये आंद्रे द योंग नावाच्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या बेल्जियन मुलीने एक जाळं उभं केलं, पुढे त्याला कॉमेट लाइन नाव पडलं. जर्मनव्याप्त भागात पडलेल्या मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांना ब्रसेल्सहून पॅरिस, तिथून बास्क किनारा, मग रात्री डोंगर चढून बिदासोआ पार, आणि स्पेनमधून जिब्राल्टर. डोंगरातला मुख्य वाटाड्या होता फ्लोरेन्तिनो गोइकोएचेआ. धंद्याने तस्कर. त्याला हे डोंगर अंधारात, पायांनी पाठ होते. १९४३ च्या जानेवारीत आंद्रे सीमेजवळच्या एका शेतघरात पकडली गेली. छळछावणीतून ती जिवंत परत आली. त्याच वर्षी २३ डिसेंबरच्या रात्री नदीला पूर होता. तरी एक गट उतरला. काउंट आंत्वान द्युर्सेल आणि जिम बर्च हा अमेरिकन वैमानिक वाहून गेले.

एन्दारलात्सापाशी मी नदीकाठी बसून डबा खाल्ला. पाणी गुडघाभर वाटतं. आम्ही गेलो तो उन्हाळा होता.

आता शेवटचा चढ. याच्याबद्दल बोलावं की नाही याचा मी विचार करत होते, कारण हे रस्ते डांबरी आहेत, ग्रॅव्हल नाहीत. पण बहुतेक ग्रॅव्हल रूट मधे कुठेतरी त्यांना चिकटतातच, आणि हा भाग करायचं मी ठरवलं ते यांच्यामुळे.

पहिल्याच दिवशी, पाय मोकळे करायला म्हणून, आम्ही हाइस्किबेलवर गेलो होतो. सान सेबास्तियानच्या पूर्वेला समुद्राला लागून असलेला हा डोंगर सायकलवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे. क्लासिका सान सेबास्तियान ही १९८१ पासूनची शर्यत याच्यासाठी प्रसिद्ध. २०२३ चा तूर द फ्रान्स बिल्बाओहून सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी तोही इथून गेला. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून दिसणारा तो रस्ता, एका बाजूला निळा समुद्र. मी वर पोचल्यावर दोन्ही हात वर करून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

चढ किती छान बांधला आहे, असं मी दादाला म्हटल्याचं मला आठवतं. ना रेल्वेइतका मंद, ना खेचराच्या वाटेसारखा अंगावर येणारा. तोफा ओढणारा ट्रक न थांबता चढेल, असा. वर गाव नाही, खाण नाही, बाजार नाही. मग एवढा रस्ता कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

१९३९ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध संपलं आणि फ्रँको जिंकला. पलीकडून, फ्रान्सच्या बाजूने, हल्ला होईल अशी भीती त्याच्या राजवटीला होती. म्हणून पिरेनीजच्या पश्चिम टोकाला तटबंदी आणि लष्करी रस्ते करायचं ठरलं. पैसा नव्हता. हरलेली माणसं भरपूर होती. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढलेल्या तरुणांची वर्गवारी झाली आणि ज्यांच्या नावापुढे 'राजवटीशी अप्रामाणिक' असा शेरा पडला त्यांना कामगार बटालियनमध्ये घातलं. इथे एक गोष्ट नीट ऐका : यातल्या बहुतेकांना कुठल्याही कोर्टाने शिक्षा सुनावलेली नव्हती. खटलाच नाही. आधी युद्धात लढले, मग कैद, आणि मग लष्करी सेवा पुन्हा पहिल्यापासून, हातात बंदुकीऐवजी कुदळ. १९४० नंतर या तुकड्यांचं अधिकृत नाव झालं 'शिस्तभंग सैनिक-कामगार बटालियन'.

हाइस्किबेलचा रस्ता त्यांनी बांधला. ओयार्त्सुनहून आरिचुलेगी आणि आगिन्या या खिंडींवरून लेसाकाला जाणारा रस्ता त्यांनी बांधला. बास्तान खोऱ्याच्या बाजूने आर्तेसियागा खिंडीवर चढणारा त्यांनी. आणि नावारात, पार पूर्वेला, इगाल ते बिदांगोस आणि पुढे रोंकाल हा रस्ताही त्यांनीच. या शेवटच्या रस्त्यावर दोन हजारांहून जास्त माणसं राबली. बरेचसे दूरच्या प्रांतांतून आणलेले होते, पिरेनीजमधला हिवाळा त्यांनी कधी पाहिला नव्हता. बराकी लाकडी, जेवण म्हणजे पातळ पाणी. भूक ही आठवण प्रत्येकाच्या बोलण्यात येते. आसपासच्या गावांतल्या बायका गुपचूप भाकरी द्यायच्या, हीसुद्धा.

हे सगळं आज माहीत आहे ते प्रामुख्याने फेर्नांदो मेन्दिओला आणि एदुर्ने बेआउमोंत या दोन इतिहासकारांमुळे. जिवंत राहिलेल्या म्हाताऱ्यांना शोधून, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, लष्करी कागदांशी ताडून त्यांनी २००६ मध्ये पुस्तक काढलं. त्याआधी काय होतं? रस्ता होता. साठ वर्षं लोक त्यावरून गाड्या नेत होते. फ्रँको १९७५ मध्ये वारला, लोकशाही आली, तरी खिंडीत पाटी नव्हती. ज्यांनी बांधला त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. काहींना लाज वाटे, काहींना भीती. मुलांना वाटायचं, बाबा लष्करात होते.

२००४ पासून दर जूनमध्ये इगाल आणि बिदांगोसच्या मधल्या खिंडीत लोक जमतात. सुरुवातीच्या वर्षांत स्वतः ते कैदी येत, नव्वदीला टेकलेले. आता त्यांची मुलं-नातवंडं येतात. तिथे स्मारकशिल्प आहे.

एका बाजूने मला असंही सांगितलं गेलं की, अहो, रस्ता उपयोगी आहे ना, मग आता कशाला उकरायचं? हा युक्तिवाद मी नीट ऐकून घेतला. मला तो पटत नाही. उपयोगी असणं आणि कुणी बांधला ते माहीत असणं, यातलं एक निवडायला कुणी सांगितलं आहे? हाइस्किबेलवरून तूर गेला तेव्हा समालोचक चढाची टक्केवारी सांगत होते, वळणं सांगत होते. मी जे समालोचन ऐकलं त्यात बटालियनचा उल्लेख आला नाही. कदाचित दुसऱ्या कुठल्या भाषेत आला असेल.

आगिन्या खिंडीत मात्र थांबाच. आरिचुलेगीनंतर रस्ता पुन्हा चढतो आणि उजाड माळ लागतो. तिथे जमिनीत पुरलेल्या छोट्या दगडांची वर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वीची, बहुधा दफनाची. त्यांच्याजवळ होर्खे ओतेइसा या शिल्पकाराने १९५० च्या दशकाच्या शेवटी एक काळा दगड उभा केला, बास्क लोकसंगीत गोळा करणाऱ्या आइता दोनोस्तिया या धर्मगुरूंच्या स्मरणार्थ. दगडांच्या वर्तुळांपासून चार पावलांवर बटालियनचा रस्ता. आम्ही तिथे पोचलो तेव्हा धुकं होतं आणि घोडे चरत होते. हाइस्किबेलबद्दल तोवर मला लेसाकातल्या घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं. ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला नाही, पण त्याखाली दोन ओळी लिहिल्या. आईचा लगेच फोन आला, "कोण होती गं ती मुलं?"

जाता जाता मेलवाल्या मंडळींसाठी एक वाट, गोव्याशी आणि मुंबईशी नातं असलेली. पाम्प्लोनाहून सांग्वेसाला जाणारी इराती रेल्वे १९११ मध्ये सुरू झाली, स्पेनमधल्या सुरुवातीच्या विजेच्या गाड्यांपैकी एक, आणि १९५५ मध्ये बंद पडली. तिच्या मार्गावर लुंबिएरची घळ आहे, वर गिधाडं फिरत असतात. सांग्वेसाहून थोडं पुढे गेलात की हाविएरचा किल्ला. इथे १५०६ मध्ये फ्रान्सिस झेवियर जन्मला, तोच १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला, ज्याचं शव जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे. तो सहा वर्षांचा असताना कास्तीलने नावारा जिंकलं. भाऊ हरलेल्या बाजूने होते, म्हणून १५१६ मध्ये त्यांच्या किल्ल्याचे बुरूज पाडले गेले. दक्षिण भारतातून १५४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने तिथल्या लोकांची भाषा मलबारी आणि आपली बास्क असल्याचं सांगितलं आहे. आणि हाविएर किंवा झेवियर हे मूळ बास्क 'एचे बेरी', म्हणजे नवं घर. धोबीतलावच्या कॉलेजात शिकलेल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

घळीतल्या दोन बोगद्यांत दिवे नाहीत. एक दोनशे मीटरचा आहे आणि मधे वळतो, त्यामुळे मधोमध पूर्ण काळोख होतो. टॉर्च न्या, मोबाइलचा नव्हे, चांगला. आणि सान आद्रियानला सायकल खांद्यावर घ्यायची आहे हे विसरू नका.

भेटू पुढच्या भागात.